राजे स्वतःविषयी काय कोरून ठेवतात? त्रिरश्मी डोंगरावरची साक्ष

#थ्रेड #इतिहास #शिलालेख

१/ नाशिकजवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगत एक डोंगर आहे. आज आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. प्राचीन लेखांत त्याचे नाव त्रिरश्मी. एकमेकांचे राज्य हिरावून घेणाऱ्या दोन घराण्यांनी याच एका डोंगरावर आपापली कीर्ती कोरून ठेवली आहे. त्या दोघांचे बोलणे शेजारी शेजारी ठेवून ऐकले, तर प्राचीन राजा स्वतःला कसा रंगवतो आणि त्या रंगाखाली काय दडलेले असते, हे समजू लागते. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ प्रथम शब्द समजून घेऊ. राजाच्या गुणांचे, कुळाचे आणि पराक्रमाचे कोरीव वर्णन म्हणजे प्रशस्ती. तिचा साचा बहुधा ठरलेला असतो: पूर्वजांची नावे, बिरुदे, जिंकलेल्या प्रदेशांची यादी, पुराणपुरुषांशी तुलना आणि शेवटी एखादे दान किंवा बांधकाम. आपल्या डोळ्यांत स्तुती भरते. पण बहुतेक वेळा लेख कोरण्याचे निमित्त असते ते शेवटचे दान. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडेल.

३/ डोंगरावरचा पहिला आवाज लेणे क्रमांक १० मधला. क्षहरात कुळातील क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, तेथे बोलतो. तो स्वतःला शक म्हणवतो. आणि तो सांगतो काय? तीन लाख गाई दान दिल्या, देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना भोजन घातले, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या. हे सारे कोरले आहे बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्यात.

४/ याच लेखात पारदा, दमण, तापी, डाहणुका अशा नद्यांवर फुकट होड्यांची सोय केल्याचा उल्लेख आहे. पार, दमणगंगा, तापी आणि डहाणूची खाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही यादी ओळखीची वाटेल. परकीय म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे असा हा शक सरदार या भूमीची घाट-पाणवठ्यांची नावे घेऊन बोलतो आहे. आपण येथले आहोत आणि राज्य करण्यास पात्र आहोत, हे त्याला दाखवायचे आहे. त्यासाठी त्याने दानाची भाषा निवडली.

५/ लाख ब्राह्मण, तीन लाख गाई हे आकडे कोणी मोजले? ते मोजण्यासाठी दिलेलेच नव्हेत. पण त्याच लेण्यात दुसरा एक आकडा आहे. उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे होते.

६/ आता हिशेब करून पाहा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, म्हणजे २४०. हिशेब तंतोतंत जुळतो! एकाच माणसाच्या, एकाच लेण्यातल्या लेखांत दोन प्रकारचे आकडे आहेत. एक कानांना सुखावणारा, दुसरा कारकुनाने लिहिलेला. शिलालेख खरा की खोटा, असा सरसकट प्रश्न विचारण्याऐवजी त्यातली कोणती ओळ कशासाठी लिहिली आहे, असा प्रश्न विचारावा.

७/ आता दुसरा आवाज. लेणे क्रमांक ३. येथील मोठा लेख सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. दान देणारी आहे गौतमी बलश्री; पुळुमावीची आजी आणि गौतमीपुत्र सातकर्णीची आई. सातवाहनांची सर्वांत प्रसिद्ध प्रशस्ती राजाने स्वतः कोरवलेली नाही, दरबारी कवीच्या नावावरही नाही. मुलगा गेल्यानंतर म्हाताऱ्या आईने, भद्रायणीय भिक्षूंना लेणे देताना, ती कोरवली आहे.

८/ ती मुलाविषयी काय सांगते? त्याने शक, यवन आणि पह्लव यांचा संहार केला. क्षहरात वंश निःशेष केला. सातवाहन कुळाचे यश पुन्हा उभे केले. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. क्षत्रियांचा गर्व मोडला, चार वर्णांचा संकर थांबवला. कर धर्माप्रमाणेच घेतले. प्रजेच्या सुखदुःखात तो सहभागी असे. पराक्रमात तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा. आणि या साऱ्या बिरुदांच्या गर्दीत एक घरगुती बिरुद येते: तो आईची अखंड सेवा करणारा होता.

९/ याच लेखात आणखी एक गुण नोंदला आहे. अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्याला रुचत नसे! काही शब्दांच्या अंतरावर एका अख्ख्या राजवंशाच्या संहाराचा गौरव आणि लगोलग अहिंसेची ही आवड. आपल्याला विसंगती खटकते, रचणाऱ्याला ती खटकलेली दिसत नाही. कारण राजा कसा असावा, याच्या तत्कालीन कल्पनेत दोन्ही गोष्टी लागत होत्या: शत्रूला धाक आणि प्रजेला अभय. प्रशस्ती ही त्या अपेक्षांची यादी असते. राजाचा स्वभाव तिच्यातून दिसेलच असे नाही; समाजाला राजाकडून काय हवे होते ते मात्र दिसते.

१०/ मग क्षहरातांचा पराभव ही केवळ बढाई होती का? नाही. आणि हे ठरवले ते चांदीने. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. शत्रूच्या मुद्रेवर आपली मुद्रा. आईने दगडावर जे सांगितले, त्याला बाजारात फिरलेल्या नाण्याने दुजोरा दिला. स्तुतीपर लेखाला असा स्वतंत्र पुरावा मिळाला की त्याचे वजन बदलते.

११/ पण थांबा. बलश्री मुलाच्या राज्याची यादी देते: ऋषिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती. म्हणजे आजच्या भाषेत मराठवाडा, विदर्भ, कोकण यांच्यासह सौराष्ट्र आणि माळव्यापर्यंतचा पसारा. ही नावे लक्षात ठेवून आता आपण जुनागढला जाऊ. गिरनारच्या पायथ्याशी एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर अशोकाच्या आज्ञा आहेत आणि त्याच शिळेवर शक महाक्षत्रप रुद्रदामन याचा लेख आहे.

१२/ हा लेख शक ७२, म्हणजे इ. स. १५० च्या घटनेविषयीचा. संस्कृत गद्यातला हा इतका मोठा पहिलाच राजलेख, आणि तो कोरवणारा राजा शक! रुद्रदामन आपल्या ताब्यातील प्रदेश सांगतो: आकरावंती, अनूप, आनर्त, सुराष्ट्र, श्वभ्र, मरू, कच्छ, सिंधू-सौवीर, कुकुर, अपरान्त, निषाद. आता ही यादी बलश्रीच्या यादीशेजारी ठेवा. आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त ही पाच नावे दोन्हींकडे आहेत.

१३/ नाशिकच्या आणि जुनागढच्या लेखांत फार मोठे अंतर नाही. कालगणना वर्षा-दोन वर्षांनी पुढेमागे केली, तरी दोन्ही साधारण एकाच पिढीतले. मग खोटे कोण बोलत आहे? बहुधा कोणीच नाही. बलश्री मुलाच्या वैभवकाळातले राज्य आठवते आहे. ती भूतकाळ सांगते आहे. रुद्रदामन वर्तमान सांगतो आहे. मधल्या काळात उत्तरेकडचे प्रदेश सातवाहनांच्या हातून गेले. आजीच्या लेखात ही हानी कोठेही नाही. शत्रूचा लेख नसता, तर ती आपल्याला कळलीही नसती.

१४/ रुद्रदामन पुढे सांगतो की, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला त्याने दोनदा उघड युद्धात हरवले; पण जवळचे नाते असल्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. बढाईच्या मधोमध हे नाते कोठून आले? उत्तर मुंबईजवळच्या कान्हेरीत मिळते. तेथील एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी. बापाचे नाव दगडावर तुटले आहे, आरंभाचे 'रु' अक्षर मात्र उरले आहे. बहुतेक अभ्यासक ते नाव रुद्रदामन असेच वाचतात.

१५/ ज्या घराण्याच्या प्रशस्तीत शकांचा संहार आणि वर्णसंकर थांबवणे हे भूषण म्हणून कोरले, त्याच घराण्यात शक राजकन्या सून म्हणून आली. यात कोणाची फजिती शोधू नये. राजकारण असेच चालते. तहही होतात, सोयरिकीही होतात. पण प्रशस्ती लढाई सांगते, सोयरीक सांगत नाही. सासऱ्याला स्वतःचे औदार्य मिरवायचे होते म्हणून त्याने नात्याचा उल्लेख केला, इतकेच.

१६/ रुद्रदामनही स्वतःला कसा रंगवतो ते पाहण्यासारखे आहे. व्याकरण, संगीत, तर्क यांत निपुण; स्वयंवरांत अनेक राजकन्यांच्या माळा मिळवणारा; युद्धाखेरीज मनुष्यवध न करण्याची प्रतिज्ञा पाळणारा. ही शेवटची गोष्ट गौतमीपुत्राच्या अहिंसेशी किती जुळते! रणांगणावर एकमेकांसमोर उभी ठाकलेली ही दोन घराणी एकाच आदर्शाच्या आरशात पाहून नटत होती. शक राजाने तर त्यासाठी संस्कृत भाषाही जवळ केली.

१७/ आणि या लेखाचे निमित्त? एक फुटलेले धरण. सुदर्शन तलाव मुळात चंद्रगुप्त मौर्याच्या काळी पुष्यगुप्ताने बांधवला. अशोकाच्या वेळी यवनराज तुषास्फाने त्याला पाट काढले. शक ७२ मध्ये भयंकर वादळी पावसाने त्याचा बांध फुटला. खिंडार ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल. अमात्यांनी दुरुस्ती अशक्य म्हणून विरोध केला. प्रजा हवालदिल झाली. शेवटी सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याने तो बांध पुन्हा उभारला.

१८/ राजा सांगतो की, यासाठी प्रजेवर जादा कर बसवला नाही, वेठबिगार घेतली नाही, खर्च स्वतःच्या कोशातून केला. हे वाक्य उलटे धरून पाहा. वेठ न घेणे ही कोरून ठेवण्याजोगी गोष्ट असेल, तर अशा कामांना वेठ घेण्याची रीत किती रुळलेली असेल! प्रशस्तीत राजा जे केले नाही म्हणून अभिमानाने सांगतो, ते इतर राजे सर्रास करत असत, असे समजायला जागा असते. जाता जाता एक नोंद: सुविशाख पह्लव होता. नाशिकच्या लेखात ज्यांचा संहार झाला म्हणून सांगितले, त्यांच्यापैकीच एक.

१९/ पुढे ही कला अधिक पक्व झाली. प्रयागच्या स्तंभावर हरिषेणाने समुद्रगुप्ताची प्रशस्ती रचली. हरिषेण कवी होता आणि सांधिविग्रहिक, म्हणजे युद्ध-तहाचे खाते सांभाळणारा अधिकारीही होता. त्यामुळे त्याची क्रियापदे नेमकी आहेत. आर्यावर्तातले राजे उखडून टाकले. दक्षिणापथातले बारा राजे पकडून सोडून दिले. सीमेवरच्यांनी कर दिला. सिंहलासारख्या दूरच्यांनी भेटी पाठवल्या. जिंकले हा एकच शब्द सर्वत्र वापरलेला नाही. साम्राज्य प्रत्यक्षात कोठे संपते, हे क्रियापदेच सांगून जातात.

२०/ तो स्तंभही पाहा. त्यावर आधी अशोकाच्या धर्माज्ञा कोरलेल्या होत्या. कलिंगच्या युद्धात झालेल्या मनुष्यहानीचा पश्चात्ताप आपल्या शिलाशासनात उघड बोलून दाखवणारा अशोक, आणि त्याच्याच स्तंभावर विजयांची मालिका. पराभूताच्या दुःखाविषयी बोलणारा राजलेख भारतीय इतिहासात किती विरळा, हे अशा ठिकाणी उमगते. अशोकाचे बोलणेही प्रतिमानिर्मितीच होती, हे खरे. पण त्याने निवडलेली प्रतिमा वेगळी होती.

२१/ आता आपल्या जिव्हाळ्याचा लेख: ऐहोळे. मेगुती येथील जिनालयावर, शक ५५६ म्हणजे इ. स. ६३४-३५ मध्ये, रविकीर्तीने चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याची प्रशस्ती कोरवली. ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य त्याला मिळाले, असे तो सांगतो. उत्तरेचा हर्ष त्याच्यापुढे कसा निस्तेज झाला, हे हर्ष या शब्दावर श्लेष करून सांगतो. आणि कवी स्वतःलाही विसरत नाही. कालिदास आणि भारवी यांच्या कीर्तीशी आपली बरोबरी सांगतो!

२२/ हर्षाचा दावा येथे तपासता येतो. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग हर्षाचा स्नेही. तोही नोंदवतो की, हर्षाने स्वतः सैन्य घेऊन चाल केली, तरी महाराष्ट्राचा राजा त्याला नमला नाही. विरुद्ध गोटाशी जवळीक असलेल्या माणसाने दिलेली साक्ष सर्वांत मोलाची. ऐहोळेच्या या ओळी म्हणूनच भक्कम ठरतात.

२३/ पण त्यानंतर दहा वर्षेही झाली नाहीत तोच पल्लव नरसिंहवर्म्याने चालुक्यांची राजधानी वातापी घेतली. बदामीच्या खडकावर त्याचा लेख आजही आहे. पुढे त्याच्या नातवाच्या कूरम ताम्रपटात एक विलक्षण प्रतिमा येते: पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर नरसिंहवर्म्याने, जणू ताम्रपटावर कोरावीत, तशी विजयाची अक्षरे लिहिली. केवढी बोचरी कल्पना! ज्याची प्रशस्ती दगडावर अमर झाली, त्याची पाठच शत्रूच्या प्रशस्तीची पाटी झाली. फक्त ऐहोळे वाचणाऱ्याला पुलकेशी अजिंक्य वाटतो, फक्त कूरम वाचणाऱ्याला पळपुटा. दोन्ही वाचणाऱ्याला इतिहास सापडतो.

२४/ तर मित्रांनो, एखाद्या प्रशस्तीचे छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी एवढे विचारावे. बोलतो कोण आणि केव्हा? निमित्त कोणते? क्रियापद कोणते? शत्रूचा लेख, नाणे किंवा प्रवासी काय सांगतो? आणि लेख कशाविषयी गप्प आहे? आपल्या भूमीच्या राजाविषयी अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यांच्या स्तुतिपाठकाचे शब्द जसेच्या तसे उचलले, तर आपण इतिहासाचे वाचक न राहता, दोन हजार वर्षे उशिरा दरबारात पोहोचलेले भाट ठरतो.

२५/ शेवटी पुन्हा त्रिरश्मीवर येऊ. लेणे क्रमांक ३ मध्येच दोन कोरडे सरकारी लेख आहेत. पहिला गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचा. विजयी सैन्याच्या छावणीतून त्याने गोवर्धनच्या अमात्याला कळवले की, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तन शेत भिक्षूंना द्यावे. सत्तांतर म्हणजे काय, ते या एका ओळीत दिसते. दुसरा लेख चोविसाव्या वर्षाचा, राजा आणि राजमाता या दोघांच्या वतीने. त्यात म्हटले आहे की, आधी काखडी गावी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही; सबब नगराच्या सीमेवरचे १०० निवर्तन शेत द्यावे.

२६/ विजयानंतर सहा वर्षांनी गाव ओस! ते का ओस पडले, हे लेख सांगत नाही. पण ज्या प्रशस्तीत राजा प्रजेच्या सुखदुःखाचा वाटेकरी आहे, तिच्याच शेजारी ही नोंद कोरलेली आहे. आणि याच चोविसाव्या वर्षाच्या लेखात राजमातेसाठी एक विशेषण येते: जीवसुता, म्हणजे जिचा पुत्र जिवंत आहे अशी. पुढे पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी ती महाराजाची माता आणि महाराजाची आजी म्हणून बोलते. ते विशेषण आता नाही.

२७/ तीन समुद्र, अकरा पर्वत, संहारलेले शत्रू हे सारे त्या लेण्यात आहेच. पण एक पडीक शेत आणि गळून गेलेला एक शब्दही तेथेच आहे. पुढच्या वेळी पांडवलेणी चढाल, तेव्हा लेणे क्रमांक ३ च्या ओसरीत थोडे थांबा. ठळक अक्षरे वाचून झाली की, शेजारच्या बारीक नोंदीकडेही पाहा. राजे कसे दिसू इच्छित होते ते पहिल्या अक्षरांत आहे. त्यांच्या राज्यात माणसे कशी जगत होती, त्याचा माग दुसऱ्या नोंदीत लागतो.

तुमच्या गावाजवळच्या लेण्यात किंवा मंदिरात असा एखादा लेख असेल, तर त्यातील दान कोणते आणि देणारा कोण, हे खाली नक्की लिहा. #थ्रेड समाप्त